गार्डिनरवर बसलेली माणसं

मंडळी, शेजारच्या खुर्चीवर कुणी अनोळखी माणूस असेल तर आपण त्याला पहिलं काय विचारतो? "गाव कुठलं तुमचं?" आणि जन्मापासून डोंबिवलीत वाढलेला माणूससुद्धा "राजापूर" म्हणून मोकळा होतो. राजापूरला तो पाच वर्षांतून एकदा, तेही गणपतीला जात असेल, तरी उत्तर तेच.

श्रीलंकेतल्या तमिळ माणसांत हाच प्रश्न "एन्द ऊर?" असा विचारतात. ऊर म्हणजे गाव. टोरोंटोच्या पूर्वेला स्कारबरो नावाचं मोठं उपनगर आहे, तिथे आम्ही २००३ ते २०११ अशी आठ वर्षं राहिलो. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं श्रीलंकेच्या उत्तरेकडच्या जाफना भागातली. त्यांच्या नातेवाइकांत एन्द ऊर विचारलं की उत्तर कधीच स्कारबरो नसायचं. पॉइंट पेद्रो, चावकच्चेरी, कोक्कुविल अशी नावं यायची. समोरच्या दाराला राहणाऱ्या नवरा-बायकोला आम्ही अण्णा आणि अक्का म्हणायचो. त्यासाठी नवे शब्द शिकावे लागले नाहीत, ते दोन्ही भाषांत आधीच होते. अक्का सणावाराला इडियाप्पम करायची, आणि आमच्या मालवणी सासूबाई एकदा आल्या होत्या त्यांनी ताटात बघून सरळ सांगितलं, "हे आमचे शिरवाळेच."

आज मला या माणसांच्या पाच महिन्यांबद्दल बोलायचं आहे. जानेवारी ते मे २००९, श्रीलंकेतल्या युद्धाचे शेवटचे महिने.

थोडं मागचं सांगायला हवं. १९८१ साली जाफनाचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं गेलं, सुमारे ९७,००० पुस्तकं गेली. २३ जुलै १९८३ ला लिट्टेनं, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेनं, जाफनाजवळ १३ सैनिक मारले आणि त्याचा सूड कोलंबोतल्या साध्या तमिळ माणसांवर उगवला गेला. घरं-दुकानं जाळली, मतदारयाद्या हातात घेऊन तमिळांची घरं शोधली. ते लोक या दिवसांना 'काळा जुलै' म्हणतात. तिथून जी माणसं निघाली ती मद्रास, लंडन, पॅरिस, झुरिक आणि कॅनडाला पोहोचली. १९८६ च्या ऑगस्टमध्ये न्यूफाउंडलंडच्या मच्छिमारांना धुक्यात दोन जीवरक्षक होड्या सापडल्या, त्यांत १५५ तमिळ होते. आमचे अण्णा असे होडीतून आले नव्हते, विमानानं आले होते, खोट्या पासपोर्टवर. हे ते हसत सांगायचे. अक्का हसायची नाही.

आता आपल्याकडचं एक प्रकरण मध्ये येतं, ते मी टाळणार नाही. १९८७ ते १९९० भारतीय शांतिसेना तिथे होती. मेजर रामस्वामी परमेश्वरन, महार रेजिमेंट, जन्म मुंबईचा, घरची भाषा तमिळ. २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथे लिट्टेशी लढताना धारातीर्थी पडले, मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. मी हे अक्काला मोठ्या अभिमानानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्याच्या आदल्या महिन्यात मी जाफनाच्या इस्पितळाजवळ राहत होते." त्या ऑक्टोबरात भारतीय सैनिकांच्या गोळीबारात त्या इस्पितळातले रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मारले गेले. मी तोपर्यंत ते वाचलं नव्हतं. त्यानंतर तिच्यासमोर मी या विषयावर तोंड उघडलं नाही. विचारायचं ते विचारत राहिलो, एवढंच.

बरं, ही माणसं परदेशात करत काय होती? आपले चाकरमानी मुंबईत करायचे तेच. एकेका गावाचं मंडळ, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ, देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती. भिशी होती, तिला ते सीट्टु म्हणतात. पैसे घरी पाठवायचे ते 'उंडियल'नं, म्हणजे इथे दुकानदाराकडे डॉलर द्यायचे आणि तिथे त्याचा माणूस घरी रुपये पोचवतो. शब्द आपल्या हुंडीचा सख्खा भाऊ आहे.

आणि एक वही होती. रात्री आठच्या सुमाराला लिट्टेसाठी पैसे मागणारे दोघं जण यायचे. सभ्य. चहा घ्यायचे, मुलांच्या अभ्यासाची चौकशी करायचे, मग वही काढायचे. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना नाही म्हणताना आपली जी अवस्था होते ती शंभर पटीनं वाढवा, आणि वर हे लक्षात घ्या की तुमची आई, बहीण, भाचरं त्या मंडळाच्या ताब्यातल्या मुलखात राहतात. २००६ च्या मार्चमध्ये 'ह्यूमन राइट्स वॉच'नं यावर अहवाल काढला. 'शेवटच्या लढाई'साठी म्हणून टोरोंटोतल्या एकेका कुटुंबाकडे अडीच ते पाच हजार डॉलर मागितले जात होते, काही व्यापाऱ्यांकडे एक लाखापर्यंत. पुढच्याच महिन्यात कॅनडानं लिट्टेला दहशतवादी संघटनांच्या यादीत टाकलं.

अण्णांनी दिले होते. किती, ते मी विचारलं नाही. भीतीनं दिले की आपुलकीनं, हे मात्र विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही हिशेबनीस आहात, तुम्हाला दोन रकाने हवेत. माझ्याकडे एकच होता."

दर २७ नोव्हेंबरला लिट्टेच्या मेलेल्या लढवय्यांचा दिवस पाळला जायचा, अजूनही पाळला जातो. त्या दिवशी छातीवर एक फूल लावतात, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं, कार्तिगै फूल. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चमकलो, कारण श्रावणात कोकणातल्या कुंपणावर ते कितीतरी पाहिलं होतं. आपण त्याला कळलावी म्हणतो. घरात ठेवलं तर भांडण लागतं अशी आपली समजूत. अण्णांना हे सांगावंसं फार वाटलं, पण नाही सांगितलं.

२००८ च्या २७ नोव्हेंबरला मात्र अक्का त्या सभेला गेली नाही. कारण आदल्या रात्री मुंबईवर हल्ला झाला होता आणि आमच्या घरातला टीव्ही बंद होत नव्हता. टोरोंटोतली आम्ही सगळी मराठी मंडळी एकमेकांना फोन करत होतो, ताजच्या घुमटातून निघणारा धूर बघत होतो. माझा चुलतभाऊ छत्रपती शिवाजी टर्मिनसवरून रोज गाडी पकडायचा, त्याचा फोन सात तास लागला नाही. अक्का संध्याकाळी डबा घेऊन आली, काही न बोलता स्वयंपाकघरात ठेवून गेली. तीन रात्री झोप नव्हती. त्या तीन रात्री आम्हाला कुणी विचारलं नाही की बाबांनो, तुम्ही कॅनडात राहता ना, मग तिथल्या गोष्टीचं एवढं काय?

हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२ जानेवारी २००९ ला लिट्टेचं मुख्य ठाणं किलिनोच्ची सरकारी सैन्याच्या हाती पडलं. लिट्टे मागे सरकत गेली आणि तिच्याबरोबर वन्नी भागातले लाखो लोक पूर्वेच्या किनाऱ्याकडे. लिट्टे त्यांना बाहेर पडू देत नव्हती, पळणाऱ्यांवर गोळ्या झाडत होती. सरकार 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर करत होतं आणि तोफगोळे त्याच क्षेत्रात पडत होते. संयुक्त राष्ट्रांचे परदेशी कर्मचारी आदल्या सप्टेंबरातच निघून गेले होते, पत्रकारांना आत सोडत नव्हते. अक्काची धाकटी बहीण आणि तिची तीन मुलं त्या गर्दीत होती.

फोन नाही. आधी दर रविवारी दुकानातून कार्ड आणायचं, लांबलचक आकडे दाबायचे आणि बोलायचं असा नेम होता, तो तुटला. उरली ती इंटरनेटवरची छायाचित्रं. रेडक्रॉसच्या बोटीनं जखमींना त्रिंकोमालीला नेत असत. अशा बातम्यांतल्या जखमींच्या फोटोंत अक्का चेहरे शोधायची. एखाद्या बाईचा अर्धाच चेहरा दिसायचा, तर कानातलं बघायची. तिथली सकाळ म्हणजे टोरोंटोची मध्यरात्र. दिवसा ती विमानतळावर जेवणाचे ट्रे भरण्याच्या कामाला जायची आणि रात्री पडद्यासमोर बसायची. दूर असणं म्हणजे वाचणं, असं आपल्याला वाटतं. त्या घरात वाचल्याचा अपराध घेऊन माणसं जेवत होती. अक्कानं त्या महिन्यांत मासे आणणं बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं.

मग मुलं रस्त्यावर आली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, की आई-बापांआधी मुलं. अण्णांची लेक तिथेच जन्मलेली, जाफना फक्त शस्त्रसंधीच्या काळात एकदा पाहिलेलं, तमिळ इंग्रजी वळणाची. तीस जानेवारीला कडाक्याच्या थंडीत टोरोंटोच्या मध्यवस्तीत हजारो तमिळांनी मानवी साखळी केली, ती त्यात होती. एप्रिलमध्ये अमेरिकन वकिलातीसमोरचा युनिव्हर्सिटी अॅव्हेन्यू दिवसचे दिवस अडवला गेला, तिथेही. लंडनमध्ये ६ एप्रिलपासून संसदेसमोरच्या चौकात बैठक बसली ती ७३ दिवस. जिनिव्हात तर फेब्रुवारीत एका तमिळ तरुणानं संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयासमोर स्वतःला पेटवून घेतलं.

मोर्च्यांत लिट्टेचा वाघाचा झेंडा होता. तिथेच गाडं अडलं. कॅनडातल्या माणसानं झेंडा पाहिला आणि फलकावरच्या मेलेल्या मुलाचा फोटो त्याला दिसेनासा झाला. मी अण्णांच्या लेकीला म्हटलं, झेंडा घरी ठेवा. ती म्हणाली, "काका, झेंडा नव्हता तेव्हा कोण आलं होतं?" तिचं मला पटलं नाही, आजही पटत नाही. ज्या संघटनेनं तिच्या मावशीला ढाल केलं होतं तिचाच झेंडा मावशीसाठी धरायचा, हे मला उलगडत नाही. पण तिच्याजवळ दुसरा झेंडाच नव्हता, हेही खरं.

१० मे २००९, रविवार. कॅनडात तो मातृदिन. आदल्या रात्रभर आणि त्या दिवशी लोक अडकले होते त्या मुळ्ळिवाय्क्कालच्या चिंचोळ्या किनारपट्टीवर तोफांचा मारा झाला, शेकडो माणसं मेल्याच्या बातम्या आल्या. संध्याकाळी सहाच्या सुमारास हजारो तमिळ टोरोंटोच्या गार्डिनर एक्स्प्रेसवेवर चढले. हा आपल्या पूर्व द्रुतगती मार्गासारखा, पण खांबांवर उंच उचललेला रस्ता. पुढे बायका, त्यांच्या हातात बाबागाड्या. खाली बसले. मध्यरात्रीच्या सुमाराला, विरोधी पक्षाकडून प्रश्न मांडण्याचं आश्वासन मिळाल्यावर उठले.

त्या रात्री आमच्याकडे चार मराठी कुटुंबं जेवायला होती. एक जण वाहतुकीत अडकून दोन तास उशिरा आला, तापलेला होता. "यांच्या देशातली भांडणं इथे कशाला? लहान मुलांना हायवेवर नेतात!" सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. समोरच्या दाराला कुलूप होतं आणि ती तिघं त्या क्षणी कुठे बसलेली असतील हे मला ठाऊक होतं, तरीही डोलावली. अवघ्या साडेपाच महिन्यांपूर्वी याच दिवाणखान्यात, हीच माणसं, ताज बघत जागली होती.

लांबून बघणाऱ्याला शंका घेणं फार सोपं असतं. लंडनला एका तरुणानं २३ दिवस उपोषण केलं. नंतर दोन मोठ्या वर्तमानपत्रांनी छापलं की तो लपून बर्गर खात होता, पोलिसांच्या कॅमेऱ्यात सापडला. असं चित्रण अस्तित्वातच नव्हतं. तो कोर्टात गेला आणि २०१० मध्ये दोघांनी मिळून ७७,५०० पौंड भरपाई दिली. बर्गरची बातमी लोकांच्या लक्षात राहिली, भरपाईची नाही.

मेच्या १८-१९ तारखेला सगळं संपलं. लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन मेला यावर आमच्या मजल्यावर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. कोलंबोत फटाके वाजत होते, रस्त्यावर दूधभात वाटत होते. माझ्या ऑफिसात एक सिंहली, म्हणजे श्रीलंकेतल्या बहुसंख्य समाजातला, सहकारी होता. १९९६ साली लिट्टेनं कोलंबोच्या मध्यवर्ती बँकेवर स्फोटकांनी भरलेला ट्रक घातला, ९१ माणसं गेली, त्यात त्याचा मामा होता. त्यानं पेढे वाटले नाहीत. एवढंच म्हणाला, "आईला फोन केला. म्हटलं, आता बसनं जा." त्या वाक्यातली सुटका खोटी नव्हती. मी तिला तोल म्हणून इथे सांगत नाही, त्याच मंगळवारी मी ती ऐकली म्हणून सांगतो. घरी आलो तर अक्का जिन्यात बसलेली.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळानं पुढे २०११ च्या अहवालात म्हटलं की त्या शेवटच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असू शकतात. वाचलेले जवळपास तीन लाख तारेच्या कुंपणातल्या छावण्यांत गेले. अक्काची बहीण आणि दोन मुलं तिथे सापडली, ऑगस्टमध्ये. थोरला मुलगा सापडला नाही. त्याला लिट्टेनं मार्चमध्ये उचलून नेलं होतं, लढायला. सोळा वर्षांचा होता.

अण्णांनी ही बातमी ऐकली आणि बराच वेळ त्या वहीबद्दल बोलत राहिले. कुठल्या वर्षी किती दिले ते आकडे त्यांना तोंडपाठ होते. मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. मग गार्डिनरवर बसलो तेव्हा पाठ किती दुखत होती ते सांगू लागले. दोन्ही एकाच दमात. त्यानंतर त्यांनी सीट्टुतला पैसा फक्त भाचीच्या शिक्षणाला पाठवला. म्हणायचे, "हा कुठे जातो ते मला फोनवर ऐकू येतं."

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही लेकाकडे गेलो होतो, तेव्हा १८ तारखेला अण्णांना भेटलो. स्कारबरोच्या एका मैदानात मंडप होता. दर वर्षी त्या दिवशी तिथे 'मुळ्ळिवाय्क्काल कंजी' वाटतात. शेवटच्या दिवसांत किनाऱ्यावरच्या लोकांना तेवढंच मिळायचं, पाण्यात शिजवलेले मूठभर तांदूळ. म्हणजे आपली पेज. कागदी पेल्यात देत होते. वाटणाऱ्यांत अण्णांची लेक होती, तिच्या कडेवर मूल. झेंडे होते, भाषणं चालू होती, ती ऐकत नव्हती, रांग लांब होती.

माझ्या पेल्यातली पेज आळणी होती. मी सवयीनं विचारलं, मीठ आहे का? मागून अक्का म्हणाली, "भाऊ, तशीच पी."