नवोदयची तयारी कुणाच्या जिवावर?

श्रोतेहो, नमस्कार.

मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आपल्या सोलापूर जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय, म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा आहे. सहावीला जास्तीत जास्त 80 मुलं घेतात. शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. नववीपासून काही पालकांना थोडा विकास निधी द्यावा लागतो, पण मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना तोही माफ. खेड्यातलं हुशार मूल घरच्या ऐपतीपायी मागं राहू नये, हा 1986च्या शैक्षणिक धोरणाचा हेतू. तो आजही मला मनापासून पटतो.

अडचण प्रवेश परीक्षेपाशी सुरू होते. पेपर दोन तासांचा, प्रश्न 80, गुण 100. त्यातले निम्मे, म्हणजे 50 गुण मानसिक क्षमता चाचणीला. उरलेले अंकगणित आणि भाषेला, 25-25. चाचणीत सगळ्या आकृत्या. वेगळी आकृती ओळखा, आरशात कशी दिसेल सांगा, घडी घालून भोक पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल ते निवडा. वर्गात यांचा वेगळा तास नसतो. अशी आकृती परीक्षेच्या बाकावर पहिल्यांदा बघणारं मूल मंद नसतं. प्रश्न काय विचारलाय हे कळण्यातच त्याचा वेळ जातो. या चाचणीच्या 40 प्रश्नांना तास एकच. आणि या परीक्षेला एकदा बसलेल्या मुलाला पुन्हा बसता येत नाही. दहा-अकरा वर्षांच्या लेकराला संधी एकच!

खेड्यांसाठी किमान 75 टक्के जागा राखीव आहेत, मग अन्याय कसला, असं काहीजण विचारतात. तिसरी, चौथी, पाचवी ग्रामीण शाळेत झालेली असली की मूल ग्रामीण. पण बागायतदाराचं मूलही ग्रामीण आणि त्याच्याच रानात खुरपायला जाणाऱ्या बाईचं मूलही ग्रामीण. एकाला नवोदयच्या निवासी क्लासला घालतात, दुसऱ्याच्या घरात सराव पेपरचं पुस्तकसुद्धा नसतं. राखीव जागेनं दोघांना एका रांगेत उभं केलं खरं, पण रांगेत कोण पुढं जाणार हे क्लासच्या फीवर ठरू लागलं. शहरातल्या विडी कामगार बायकांच्या, यंत्रमागावर राबणाऱ्यांच्या मुलांचं तर आणखी अवघड, कारण त्यांच्या वाट्याच्या जागाच कमी.

म्हणून झेडपी शाळांमधले गुरुजी आणि बाई शाळेआधी किंवा सुटल्यावर जे मोफत जादा तास घेतात, त्यांचं मोल मला फार वाटतं. काही जण त्याला घोकंपट्टी म्हणतात. मला ते पटत नाही. प्रश्नाची तऱ्हा माहीत झाली, उत्तरपत्रिकेवरचे गोळे न चुकता रंगवता आले, की मग कुठं मुलाची खरी बुद्धी तपासली जाते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एवढी साधी गोष्टसुद्धा कुणीतरी सांगावी लागते.

शिक्षक मित्रांना एक कळकळीची विनंती. चार हुशार पोरं निवडून त्यांच्यापुरताच तास घेऊ नका. अख्खा वर्ग बसवा. शिष्यवृत्ती परीक्षेलाही बुद्धिमत्ता चाचणी असतेच, त्यामुळं कुणाचीच मेहनत वाया जात नाही. शिवाय मागं बसणारी एखादी मुलगी घडीचा कागद सगळ्यांच्या आधी उलगडते, हे आपल्याला आधी कसं कळणार? पण हे सगळं शिक्षकांच्या चांगुलपणावर किती दिवस चालणार? सराव पेपरांच्या झेरॉक्सचा खर्च ग्रामपंचायतीनं आणि शाळा व्यवस्थापन समितीनं उचलावा. अर्ज ऑनलाइन आहे आणि त्याला फी नाही. मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र मात्र लागतं. मग पालक येण्याची वाट कशाला? शाळेनंच सगळ्या पाचवीचे अर्ज भरून द्यावेत.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं काय? परीक्षा हिवाळ्यात असते, तेव्हा हंगाम भरात असतो. मूल आईबापाबरोबर फडावर गेलं की त्याचा सराव तुटतो आणि परीक्षेचा दिवसही हुकतो. अशा मुलांना हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी गावातच ठेवायचं दिवाळीआधी ठरवा. वसतिगृहात राहणार असतील, तर सराव पेपरांचा गठ्ठा तिथंही पोचवा. यंदा पाचवीत असलेल्या अशा मुलांची नावं तुमच्या शाळेच्या हजेरीपटावर आहेत. ती आजच काढून ठेवा.

नमस्कार.