टाकी भरलेलीच असते, उपसायची केव्हा?

नमस्कार मंडळी. सेप्टिक टँकच्या बाबतीत सगळ्यात जास्त कानावर येणारं वाक्य म्हणजे "आमची टाकी भरली". टाकी भरलेलीच असते. नवी टाकी वापरात आली की काही दिवसांत पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळापर्यंत चढतं आणि पुढे कायम तिथेच राहतं. इकडून बादलीभर आलं की तिकडून बादलीभर निघून जातं. झाकण उघडलं, वीत-दीड वीत खाली पाणी दिसलं, की घाबरून उपसा गाडी बोलावणारे लोक आहेत. पंधरा वर्षं झाकणच न उघडलेलेही आहेत. दोघांचं चुकतं ते एकाच ठिकाणी. बघायचा असतो तो गाळ, पाणी नव्हे.

टाकीत काय घडतं ते आधी पाहू. मैला आत आला की जड भाग तळाशी बसतो, तेलकट आणि हलका भाग वर येऊन त्याची जाड साय धरते, आणि मधे गढूळ पाणी राहतं. पुढे जायचं ते फक्त या मधल्या पाण्यानं. तळच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जिवाणू काम करतात, त्यामुळे तो आकसतो. आकसतो म्हणतोय, संपत नाही. वाळू, केस, न कुजणारे तंतू साठतच जातात. हे सगळं नीट व्हायला पाणी टाकीत किमान २४ तास, शक्यतो ४८ तास थांबायला हवं.

मधलंच पाणी बाहेर जावं म्हणून निर्गमाच्या, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या, तोंडाशी 'टी' (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) उभा बसवलेला असतो. त्याचा खालचा दांडा पाण्याच्या खोलीच्या साधारण ४० टक्क्यांपर्यंत बुडालेला असतो, वरचा सायीच्या वर उघडा असतो. आत येणाऱ्या पाइपापेक्षा बाहेर जाणारा पाइप ५ ते ७.५ सेंटीमीटर खाली ठेवतात, म्हणजे पाणी उलटं फिरत नाही. सगळ्या बांधकामात सर्वात स्वस्त भाग हा टी, आणि सर्वात जास्त वेळा गायब झालेला सापडतो तोही हाच. तो तुटला की साय थेट शोषखड्ड्यात, म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात, जाते. गाळ टीच्या तोंडापर्यंत चढला तरी तेच होतं. शोषखड्ड्याच्या मातीवर मग काळा, बुळबुळीत थर चढतो आणि मातीची छिद्रं बुजतात. टाकी काही तासांत उपसून होते. बुजलेली माती मात्र उपसून मोकळी होत नाही, बहुधा खड्डाच नवा खणावा लागतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: टाकी उपसायची ती शोषखड्डा वाचवायला.

आता हिशेब. एका माणसामागे वर्षाला अंदाजे ४० लिटर गाळ साठतो असं धरा. पाच माणसांचं घर म्हणजे वर्षाला २०० लिटर. टाकी आतून २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर असेल तर ती २००० लिटरची. तिचा एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ६६० लिटर, गाळाने व्यापला की उपसायची वेळ झाली. तीन वर्षं आणि थोडे महिने. "दर तीन वर्षांनी उपसा" हा सल्ला अशाच गणितातून येतो. त्याच टाकीवर दहा माणसं राहिली तर दीड वर्ष, दोनच राहिली तर आठ वर्षं. शेजाऱ्यांनी कधी उपसली याला काही अर्थ नाही. अंदाजापेक्षा मोजणं बरं, आणि मोजायला लागते एक काठी.

टाकीच्या खोलीपेक्षा मीटरभर लांब, सरळ काठी घ्या. तिच्या खालच्या मीटरभर भागाला पांढरा टर्किश टॉवेल गुंडाळून दोरीने घट्ट बांधा. जाड, खरबरीत कापडच हवं. गुळगुळीत कापडावर गाळ धरत नाही. हातात रबरी मोजे घाला. झाकण सरकवा आणि थोडं बाजूला होऊन दहा-पंधरा मिनिटं थांबा. काठी सायीतून नेली तर टॉवेल वरच बरबटतो, म्हणून टीच्या वरच्या उघड्या तोंडातून आत सोडा. ते जमत नसेल तर दुसऱ्या काठीने सायीत भोक पाडून घ्या. काठी सावकाश तळापर्यंत न्या, तीन-चार मिनिटं तशीच धरा, आणि तितक्याच सावकाश वर काढा. टॉवेलवर दोन रंग दिसतील: वर फिका ओला पट्टा, खाली कणीदार काळा. काळ्या पट्ट्याची उंची हा तुमचा गाळ. मीटरभर खोलीच्या टाकीत टीचं तोंड तळापासून ६० सेंटीमीटरवर येतं. काळा पट्टा ३० सेंटीमीटर भरला की टीच्या तोंडाखाली ३० च उरले. तिथे थांबायचं नाही, गाडी बोलवायची. दोन कप्प्यांची टाकी असेल तर पहिल्या कप्प्यातही मोजा, कारण बहुतेक गाळ तिथेच बसतो.

सायीसाठी दुसरी काठी. तिच्या टोकाला वीतभर आडवी फळी ठोका, म्हणजे काटकोन होईल. काठी तिरकी धरून फळी सायीतून खाली घाला, मग काठी सरळ करा आणि हलके वर ओढा. सायीचा तळ लागला की हाताला अडकल्यासारखं जाणवतं. तिथे काठीवर खूण करा. मग त्याच फळीने टीचं खालचं तोंड चाचपून दुसरी खूण करा. दोन खुणांत १५ सेंटीमीटरपेक्षा कमी अंतर असेल तर गाळ कितीही कमी असो, उपसा करायचाच.

उपशाआधी आणखी एक गोष्ट फुकट कळते, ती म्हणजे पाण्याची पातळी. निर्गम पाइपाच्या तळाशी पाणी असेल तर सगळं ठीक. पाणी त्याच्या वर असेल तर पुढे तुंबलंय: पाइपात, गाळणी असली तर गाळणीत, नाही तर शोषखड्ड्यात. पातळी खाली असेल तर टाकी झिरपते. बांधलेल्या टाकीत याची परीक्षा सोपी आहे. रात्री पाणी वापरणं थांबवा, पातळीवर खूण करा, सकाळी बघा. आपल्या २००० लिटरच्या टाकीत १ सेंटीमीटर म्हणजे २० लिटर. तीन सेंटीमीटर उतरलं तर ६० लिटर रात्रीत जमिनीत गेलं. पहिल्या कप्प्यात पाणी चढलेलं आणि दुसऱ्यात जागच्या जागी असेल तर मधल्या भिंतीचं भोक बुजलंय. आणि घरातलं एकच बेसिन तुंबत असेल तर टाकीला दोष देऊ नका, त्याच नळीत काही तरी अडकलं आहे.

आता उपशाचा दिवस. सगळ्यात आधी, आत उतरायचं नाही. दोरी बांधून नाही, ओला रुमाल लावून नाही, "एका मिनिटासाठी" तर नाहीच. टाकीत हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड असतात, प्राणवायू कमी असतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकाला तो कळेनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, हा समज जीव घेतो. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो, त्यामुळे अर्धा तास झाकण उघडं ठेवलं तरी टाकी सुरक्षित होत नाही. आत कोणी पडलं तर वाचवायला उतरणारा दुसरा माणूसही बहुधा तिथेच राहतो. अग्निशामक दलाला बोलवा आणि वरून पंख्याने हवा सोडा. काठावर वाकून डोकंही आत घालू नका. विडी-काडी दूर, मुलं त्याहून दूर. उपशाला माणूस उतरवतो म्हणणारा ठेकेदार स्वस्त सांगत असेल तरी त्याला परत पाठवा.

गाडी आली की उपसा निर्गमाच्या टीतून करू देऊ नका. त्यातून वरचं पाणी जातं आणि टी तुटतो. दोन्ही कप्प्यांची झाकणं उघडायची. पहिल्यांदा लांब दांड्याने साय फोडायची, मग नळी तळाशी. थोडं पाणी ओढलं की गाडीतूनच काही पाणी दाबाने परत सोडायला सांगा. त्या झोताने तळाचा घट्ट गाळ सुटतो. कोपऱ्यांतून नळी फिरवून घ्या. इथे फसवणूक ठरलेली आहे: पातळ पाणी ओढायचं, गाळ जागेवर ठेवायचा आणि "झालं साहेब" म्हणायचं. किती लिटर नेलं ते विचारा. २००० लिटरच्या टाकीतून ८०० नेले असतील तर टाकी उपसलेली नाही. शेवटी काठी पुन्हा घाला. तळाशी बोटभर राहिला तर चालेल. गाडी नाल्यावर किंवा भाजीच्या शेतात रिकामी होत नाही ना, हेही विचारा. जंतांची अंडी गाळात महिनोन्‌महिने टिकतात.

उपसा चालू असताना निर्गमाकडे लक्ष ठेवा. शोषखड्ड्याकडून पाणी उलटं टाकीत येऊ लागलं तर खड्डा भरलेला आहे, आणि या उपशाने चार-आठ दिवसांचाच आराम मिळणार आहे. टाकी मोकळी झाली की बाहेरूनच, अंतर ठेवून, बॅटरीच्या उजेडात टी जागेवर आहे का, मधली भिंत शाबूत आहे का ते बघा. मग वरच्या स्लॅबची खालची बाजू. हायड्रोजन सल्फाइड ओलसर काँक्रीटवर चढतो, तिथले जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि हे आम्ल काँक्रीटला पाण्याच्या वरच्या भागातच खातं. पाण्याखालची भिंत ठणठणीत आणि स्लॅबच्या पोटातली सळई उघडी, असं चित्र सर्रास दिसतं. अशा स्लॅबवर मोटार सोडाच, माणूसही उभा राहू नये.

बाकी टाकीत काय जाऊ नये हे तुम्हाला माहीत आहे: पॅड, डायपर, ओले वाइप, रंग, थिनर, वापरलेलं तेल. पावसाच्या पाण्याची पन्हाळ टाकीला जोडलेली असेल तर आजच तोडा. गळकी फ्लश टाकीही तितकीच वाईट, कारण सतत वाहणारं पाणी गाळाला बसूच देत नाही. संडास धुण्यापुरत्या औषधाने जिवाणू मरत नाहीत, अख्खी बाटली एकदम ओतली तर मरतात. "टाकी कधीच उपसावी लागणार नाही" म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि यीस्ट यांवर पैसे घालवू नका. प्रत्येक फ्लशबरोबर हवे तेवढे जिवाणू आपोआप येतात. वाळू आणि केस कुठलीच पावडर खात नाही.

उपसल्यानंतर आतून धुवायची गरज नाही, पण टाकी रिकामी ठेवू नका. भूजल वर असेल तर मोकळी टाकी, विशेषतः प्लास्टिकची किंवा फायबरची, जमिनीतून उचलली जाते आणि पाइप तुटतात. त्यामुळे मुसळधार पावसात उपसा टाळा आणि गाडी गेली की साधं पाणी सोडून टाकी लगेच भरून घ्या. झाकण बसवून कडेला गारा लावा, पण पुढच्या वेळी फोडावं लागेल असं जाड काँक्रीट नको. झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने तारीख, नेलेले लिटर आणि काठीवरचं माप लिहा. वर्षाने टॉवेल बांधून पुन्हा मोजा. काळा पट्टा वर्षाला किती वाढतो हे एकदा कळलं की पुढची गाडी कधी बोलवायची ते तुमच्या घराच्या मापाने ठरतं.