लढाई नसताना मन कसे घडवायचे? सामुराईंची शिस्त, मुसाशी ते ताकुआन

नमस्कार. मनाचा कणखरपणा आणि आत्मशिस्त यांविषयी बोलायचे झाले की जपानच्या सामुराई योद्ध्यांचे नाव हमखास निघते, आणि त्याबरोबर उपसलेली तलवार, पहाटेची गार पाण्याची आंघोळ व निर्विकार चेहरा हेही ठरल्याप्रमाणे येतात. मला मात्र या चित्रापेक्षा इतिहासातील एक विसंगती अधिक महत्त्वाची वाटते. सामुराईंच्या मनोबलाविषयीचे जे लेखन आज जगभर वाचले जाते, ते प्रामुख्याने मोठ्या लढाया संपत आल्यावर किंवा संपल्यावर झालेले आहे. १६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई झाली, १६०३ मध्ये तोकुगावा इएयासू शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी शासक, झाला आणि १६३८ मध्ये शिमाबाराचे बंड मोडून काढल्यानंतर जपानमध्ये दोनशेहून अधिक वर्षे मोठे युद्ध झाले नाही. कमरेला दोन तलवारी लावणारा हा वर्ग हळूहळू तांदळाच्या रूपात ठरलेले वेतन घेऊन पहारा, हिशेब आणि दप्तर सांभाळू लागला. समोर शत्रू नसताना मन सावध कसे ठेवायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. आपल्यापुढेही तोच आहे, आणि म्हणूनच त्यांचे ऐकण्यात अर्थ आहे.

सुरुवात मियामोतो मुसाशी या तलवारबाजापासून करू. तेराव्या वर्षापासून एकोणतिसाव्या वर्षापर्यंत साठाहून अधिक द्वंद्वे लढलो आणि एकदाही हरलो नाही, असे त्याने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्वतःच लिहून ठेवले आहे. एवढ्यावर थांबला असता तर तो केवळ एक बढाईखोर तलवारबाज ठरला असता. परंतु त्याच प्रस्तावनेत पुढे तो जे सांगतो, ते माझ्या मते संपूर्ण सामुराई साहित्यातील सर्वांत कणखर विधान आहे. तिशी ओलांडल्यावर त्याने मागे वळून पाहिले आणि आपले विजय आपल्या प्रभुत्वामुळे मिळालेले नाहीत, असा निष्कर्ष काढला. कदाचित अंगची उपजत क्षमता असेल, कदाचित दैव अनुकूल असेल, कदाचित प्रतिस्पर्ध्यांची विद्याच अपुरी असेल. त्यानंतर तो सकाळ-संध्याकाळ सराव करीत राहिला आणि आपल्याला मार्ग गवसला तो वयाच्या पन्नाशीच्या सुमारास, असे सांगतो. न हरलेला माणूस कोणीही भाग पाडत नसताना आपल्याच यशाची उलटतपासणी करतो आणि पुढची वीस वर्षे शिकण्यात घालवतो, यापेक्षा मोठी आत्मशिस्त मला तरी दाखवता येणार नाही.

१६४३ मध्ये कुमामोतोजवळच्या रेइगान्दो नावाच्या गुहेत मुसाशीने आपला हा ग्रंथ, ‘गोरिन नो शो’, लिहायला घेतला आणि १६४५ मध्ये त्याचे निधन झाले. या ग्रंथात तो सरावाचे माप देतो: हजार दिवसांचा सराव माणसाला घडवतो आणि दहा हजार दिवसांचा सराव त्याला पैलू पाडतो. दहा हजार दिवस म्हणजे सत्तावीस वर्षांहून अधिक काळ. ‘एकवीस दिवसांत सवय लावा’ असे सांगणाऱ्या आजच्या काळात हा आकडा निराश करणारा वाटेल, पण त्याने एक ओझे उतरतेही. आजच्या दिवसाकडून निकालाची अपेक्षा उरत नाही. आजचा सराव झाला की नाही, एवढाच प्रश्न राहतो. लढाईत आणि रोजच्या व्यवहारात मनाची स्थिती एकच असावी, असेही तो बजावतो. परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या दिवशी वेगळे, धीराचे मन कोठून तरी आणता येईल, हा भ्रम त्याने मुळातूनच काढून टाकला आहे.

आता या मनाची घडण कशी असावी, याचे सर्वांत बारकाईचे उत्तर एका योद्ध्याने दिलेले नाही. ताकुआन सोहो हा झेन भिक्षू. त्याने शोगुनचा तलवार-शिक्षक यग्यू मुनेनोरी याला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की प्रतिस्पर्ध्याच्या तलवारीवर मन थांबले की ती तलवार मनाला पकडून ठेवते, आणि स्वतःच्या तलवारीवर थांबले तर तीही तेच करते. सहस्रभुज कान्नोनचे, म्हणजे आपल्याकडील अवलोकितेश्वराच्या जपानी रूपाचे, उदाहरण तो देतो: धनुष्य धरलेल्या एका हातावर मन अडकले तर उरलेले नऊशे नव्व्याण्णव हात निरुपयोगी ठरतील. सामुराईंचा तथाकथित निर्विकारपणा इथे वेगळ्याच प्रकाशात दिसतो. भीती दाबून टाकण्याची अपेक्षा ताकुआन करीत नाही. भीती येईल, पण मनाने तिच्यापाशी मुक्काम करू नये, एवढेच त्याचे म्हणणे आहे. अपमानाचा एखादा शब्द दिवसभर मनात घोळवणाऱ्या प्रत्येकाला याची किंमत ठाऊक आहे.

आता ‘हागाकुरे’ या सामुराई-वचनांच्या संग्रहाविषयी थोडक्यात आणि थोडे सावधपणे. यामामोतो त्सुनेतोमो हा सागा प्रांतातील सामुराई स्वतः कधीही रणांगणावर लढला नाही. १७०० मध्ये त्याचा धनी वारला, धन्यामागे प्राण देण्यास बंदी होती, म्हणून तो भिक्षू झाला आणि त्याची वचने पुढे एका तरुण सामुराईने लिहून घेतली; तोच हा संग्रह. अचानक पाऊस आला तर आडोशासाठी धावूनही माणूस भिजतोच, भिजायचेच आहे हे आधी मान्य केले तर गोंधळ होत नाही, ही त्यातील शिकवण उपयोगी आहे. परंतु मरणाला कवटाळण्याविषयीची त्यातील वाक्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तरुणांना मृत्यूच्या दारी पाठवण्यासाठी वापरली गेली. ती वाक्ये प्रेरणादायी चित्रफितींत संदर्भाविना वापरणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

याच परंपरेतील एक नियम आजच्या केंदो या जपानी तलवारबाजीच्या खेळात जिवंत आहे. बांबूच्या तलवारीचा फटका अचूक बसला, तरी त्यानंतर खेळाडूची सावधता आणि पवित्रा टिकला नाही, तर गुण मिळत नाही. जिंकल्याचा जल्लोष केला तर दिलेला गुणही रद्द होऊ शकतो. आपल्या अभ्यासात किंवा व्यायामात हे आणायचे असेल तर शेवटची पाच मिनिटे राखून ठेवावीत: वह्या जागेवर लावाव्यात, उद्याचे पान उघडून ठेवावे, आणि त्यानंतरच मोबाइलला हात लावावा.