आधी काडतुसं बाहेर

श्रोतेहो, नमस्कार.

१ ऑक्टोबर २०२४. पहाटेचे पावणेपाच वाजत आले होते. जुहूच्या घरात अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघायच्या गडबडीत होते. घर सोडताना आपण गॅसचं बटण पुन्हा पुन्हा बघतो ना, तशीच ती वेळ. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवायला घेतलं, ते हातातून सुटलं, खाली आदळलं आणि धाड! गोळी गुडघ्याखाली पायात घुसली. ऑपरेशन करून ती काढली. ४ तारखेला व्हीलचेअरवर बसून ते दवाखान्यातून बाहेर आले, लोकांना हात जोडले. आपल्या विरारचा माणूस, सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

हत्यार ०.३२ बोअरचं, जुनं, आणि भरलेलं होतं, असं तेव्हा बातम्यांत आलं. ‘पडल्यावर गोळी कशी सुटेल?’ असं अनेकांनी विचारलं. सुटते, श्रोतेहो. जुन्या बनावटीच्या बऱ्याच रिव्हॉल्व्हरांत मागचा घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा हातोडा, खाली असतो, तेव्हा त्याची पिन समोरच्या काडतुसाच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीला जवळजवळ टेकलेली असते. हत्यार घोड्यावर पडलं की तो दणका थेट पिनेला बसतो. चापाला बोट लागायची गरजच नाही. नव्या बनावटीत मध्ये पोलादी पट्टी असते. चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा मार पिनेपर्यंत जात नाही. जुन्यात ती नसेल किंवा आतला अडसर झिजला, मोडला असेल, तर भरवसा नाही. म्हणून जुने जाणकार काडतुसं भरायच्या सहा घरांच्या फिरत्या चक्रात पाचच काडतुसं भरत आणि घोड्याखालचं घर मोकळं ठेवत.

तेव्हा ठेवताना आधी काडतुसं बाहेर. नळी माणसांपासून दूर, बोट चापाबाहेर. खटका सरकवून चक्र बाजूला काढा, नळी वर करा, काडतुसं बाहेर ढकलणारी दांडी पूर्ण दाबा. अर्धवट दाबली की एखादं काडतूस अडकून राहतं, आणि घात तिथेच होतो. पडलेली काडतुसं मोजा, मग प्रत्येक घराला बोट लावून बघा. अंधारात, घाईत डोळा फसतो, बोट फसत नाही. हत्यार एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात. साड्यांच्या घडीखाली ठेवणं म्हणजे लपवणं, सुरक्षित ठेवणं नव्हे. मुलांना घरातली प्रत्येक घडी माहीत असते.

आता कायदा थोडक्यात. मुंबईत परवाना पोलीस आयुक्तांकडून, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडून. अर्जाबरोबर वैद्यकीय दाखला लागतो, पोलीस चौकशी होते. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा आणि एका माणसाला दोनच हत्यारं. बाहेर नेण्याबद्दल २०१६चे शस्त्र नियम स्पष्ट आहेत: पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये, म्हणजे हत्याराच्या म्यानात, पूर्ण झाकलेलं, आणि तुमच्या ताब्यात. आपल्याकडे झाकून नेणं ही सवलत नाही, सक्ती आहे. पडद्यावरचा हिरो ते पँटला मागे खोचून फिरतो, ते बघून माझा जीव वरखाली होतो. दिग्दर्शकांनी नायकाला एक साधं होल्स्टर द्यावं, काय बिघडतं? आणि वरातीत हवेत बार काढणाऱ्यांनीही ऐकावं: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी गच्चीवर उतरतेच.

पण श्रोतेहो, बाहेर नेण्याचे नियम पाळणाराही कपाटापाशी चुकतो. पुन्हा सांगतो, आधी काडतुसं बाहेर, मग कपाट. आणि लांबच्या गावाला जायचं असेल तर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतं. निवडणुकीच्या वेळी अनेकांना ते जमा करावं लागतंच, त्यामुळे ठाण्याची वाट नवी नाही. मात्र हे निघायच्या पहाटे नको, आदल्या दिवशी उरका, आणि पावतीवर हत्याराचा क्रमांक व काडतुसांची संख्या लिहिलेली बघूनच घरी या.