कात्री लागण्याआधीचा ग्लेन गूल्ड

ग्लेन गूल्ड म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतो तो स्टुडिओत बसून ध्वनिफितीचे तुकडे जोडणारा पियानोवादक. वडिलांनी पाय कापून बुटकी करून दिलेली खुर्ची, वाजवताना चाललेलं गुणगुणणं, आणि १९६४ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, जाहीर मैफलींना ठोकलेला कायमचा रामराम. हे सगळं खरंच आहे. पण हा माणूस समजून घ्यायचा असेल तर त्याच्या कोवळ्या वयातलं, टोरांटोच्या रेडिओवरून थेट गेलेलं वादन आधी ऐका, असा माझा आग्रह आहे. तिथे कात्री नाही. एकदा सुरू केलं की शेवटपर्यंत न्यायचं, आणि बोट घसरलं तर ते देशभर ऐकू गेलंच.

२४ डिसेंबर १९५०. रविवारची सकाळ. सीबीसी, म्हणजे कॅनडाची सार्वजनिक नभोवाणी. दिवाणखान्याएवढा स्टुडिओ, त्यात एकच मायक्रोफोन, आणि पियानोवर अठरा वर्षांचा गूल्ड. दोन सोनाटा, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचना: मोत्सार्टचा के. २८१ (त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) आणि विसाव्या शतकातला जर्मन संगीतकार हिंडेमिट याचा तिसरा, दोन्ही बी-फ्लॅट या स्वरातले. ही निवडच बघा. पहिल्या राष्ट्रीय प्रक्षेपणात एखाद्या पोराने शोपँ किंवा लिस्ट वाजवून लोकांना दिपवून टाकलं असतं. याने मोत्सार्टची तरुणपणची रचना घेतली आणि सोबत १९३६ साली लिहिलेला, फ्यूगने, म्हणजे एकच धून अनेक आवाजांत एकामागून एक गुंफणाऱ्या भागाने, संपणारा हिंडेमिट. मोत्सार्टची सुरुवातच ट्रिलने, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांच्या जलद कंपनाने, होते. हात गरम व्हायला सवडच नाही. थेट प्रक्षेपणात पहिल्याच स्वरावर असं उभं राहायला छातीच लागते.

त्या काळी अशा प्रक्षेपणाची प्रत ॲसिटेट तबकडीवर निघे. अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ लेप, आणि त्यात सुई थेट खाचा कोरत जाणार. लेप इतका मऊ की दरवेळी वाजवताना खाच थोडी झिजते, म्हणजे आवडीने जितकं ऐकाल तितकं ते गमवाल. गूल्डला अशी एक तबकडी मिळाली. स्टुडिओतला पियानो खर्जाकडे झुकलेला, गढूळ आवाजाचा होता. घरी तबकडी वाजवताना त्याने सेकंदाला साधारण शंभर आवर्तनांपाशी (कंपनांपाशी) खर्ज कमी केला, पाच हजारांच्या आसपास तीव्र स्वर वाढवले, आणि सकाळी जो पियानो हाताला दाद देत नव्हता तो एकदम स्वच्छ, चपळ वाजू लागला. मायक्रोफोनशी जडलेल्या प्रेमाची सुरुवात त्याने स्वतःच या प्रसंगापासून सांगितली आहे. पुढच्या स्टुडिओवेडाचं मूळ एका थेट प्रक्षेपणात आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता १९५४. २१ जूनला याच सीबीसीवरून एकवीस वर्षांच्या गूल्डने बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, म्हणजे आरिया नावाची एक धून आणि तिच्या खर्जावर रचलेली तीस रूपं, सबंध वाजवली. पुढच्या जूनमध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया कंपनीने तीच रचना मुद्रित केली आणि १९५६च्या आरंभी आलेल्या त्या रेकॉर्डने तो जगभर पोचला. त्या मुद्रणात नुसत्या आरंभीच्या आरियाचे वीस टेक, म्हणजे मुद्रणाचे प्रयत्न, त्याने बाजूला टाकले. अनावश्यक भाव पुसून काढायला ते लागले, असं तो म्हणे. रेडिओवर आरिया एकदाच मिळते. भाव पुसायला वेळ नाही, म्हणून तो भाव तिथे आहे! प्रसिद्ध रेकॉर्ड साडेअडतीस मिनिटांच्या आसपास संपते, रेडिओवरचं वादन बेचाळीसच्या घरात जातं. पुष्कळ जण या रेडिओ-वादनाला पुढच्या रेकॉर्डचा कच्चा खर्डा समजतात. मला ते पटत नाही. रेकॉर्डमध्ये झळाळी जास्त आहे, पण इथे एक व्हेरिएशन संपून दुसरं सुरू होताना वादकाने घेतलेला श्वास जाणवतो, आणि डाव्या हाताचा आवाज उजव्याच्या सावलीत न जाता स्वतःच्या पायावर चालतो.

खासगी मैफलींच्या जुन्या, खरखरीत ध्वनिमुद्रणांवर आपण अनेकांनी कान घडवलेत. त्यामुळे तबकडीची खरखर आपल्याला अडसर वाटायचं कारण नाही. सीबीसीने पुढे यातलं बरंच सीडीवर आणलं, हे उपकारच. आज मी दोन्ही वर्षांची आरिया लागोपाठ लावणार आहे, आधी १९५४, मग १९५५. ऐकताना उजव्या हातातले अलंकार सोडून द्या, खालच्या स्वरांकडे लक्ष ठेवा. तीसच्या तीस व्हेरिएशन्स त्याच खर्जावर उभी आहेत, आणि दोन वादनांतला फरक मला तरी सगळ्यात आधी तिथेच ऐकू येतो.