वासरू पातळ हागतंय? डॉक्टर येईपर्यंत काय करायचं

नमस्कार मंडळी. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड तिकडच्या वाड्यावस्त्यांवर रेडिओ लावून धारा काढत बसलेल्यांना खास नमस्कार, कारण आजचं बोलणं तुमच्यासाठीच आहे. पाऊस लागला, ओढ्याला पाणी आलं, डॉक्टर काय उद्याशिवाय पोचत नाही, आणि गोठ्यात आठ दिवसाचं वासरू पिचकारीसारखं हागतंय, मग काय करायचं?

पहिलं म्हणजे घाबरून दूध तोडू नका. आपल्याकडं लगेच म्हणतात, दूध बाधलं, आता दोन दिवस उपाशी ठेवा. अहो, ते आधीच अशक्त झालंय, त्यात उपास कसला घडवताय! वासरू मरतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळं. म्हणून दूध थोडं थोडं करून चालू ठेवायचं आणि मधल्या वेळेत मीठ-साखरेचं पाणी द्यायचं. एक लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा बरं का, आमटीचा डाव नव्हे. आणि गोड जास्त केलं तर जुलाब वाढतात. घरात ओआरएसची पुडी असली तर ती एक लिटरला एक, ते आणखी चांगलं. पंचवीस-तीस किलोच्या वासराला एका वेळी लिटरभर, दिवसातनं तीन-चार वेळा, पण दुधात मिसळून नाही, दूध पाजल्यावर दीड-दोन तासानं. स्वतः चोखत असेल तरच पाजा, जबरदस्तीनं घशात ओतलं तर फुफ्फुसात जातंय.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच बसली नाही, डोळे खोल गेले, तोंड गार लागलं, चोखणं बंद झालं, तर घरगुती पाण्यावर भागणार नाही, सलाईनच लागतंय. शेणात रक्त किंवा ताप असला तरी थांबू नका. आणि शेजाऱ्याकडची उरलेली अँटिबायोटिकची गोळी देऊ नका, बऱ्याचदा हगवण व्हायरसची असते, त्यावर ती काही करत नाही.

रेडकाचं जरा वेगळं. जंताच्या अळ्या म्हशीच्या दुधातनंच पोटात जातात, म्हणून दहा-पंधरा दिवसाचं झालं की डॉक्टरला विचारून जंताचं औषध द्याच.

तसं बघितलं तर निम्मं काम व्यायल्या दिवशीच होतंय. वार पडायची वाट बघत चीक अडवून धरतात, ते सोडा. दोन तासाच्या आत पाजायला लागा, सहा तासात अडीच-तीन लिटर पोटात गेला पाहिजे, खरवस काय, उरलेल्यातनं करा की! खाली कोरडं पाचट टाका, रोज बदला, आणि आजाऱ्याला बाकीच्यांपासनं वेगळं बांधा. हात साबणानं धुवा, यातले काही जंतू पोराबाळांनाही लागतात.

जनावरांच्या डॉक्टरसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, म्हणजे 1962 नंबरला, फोन केला तर वय किती, कधीपासनं हागतंय, शेणाचा रंग कसा, चीक कधी पाजला, आणि काय काय दिलंय, एवढं तयार ठेवून बोला.