मडकं फुटल्यावर

(वैनगंगेचा काठ. सकाळचं ऊन. लांबून दिसणारं सरण.)

पाण्यानं भरलेलं मडकं खांद्यावर घेऊन थोरला मुलगा सरणाभोवती फिरतोय. दर फेरीला मागचा माणूस दगडानं मडक्याला एक भोक पाडतो. तिसरी फेरी झाली की मडकं खांद्यावरून मागं सोडायचं. "मांगं पाहू नोको बा," एखादं म्हातारं माणूस हमखास बजावतं.

मडकं फुटलं. पाणी मातीत जिरलं. आतली पोकळी कुठं गेली?

आत्मा आणि ब्रह्म एकच मानणाऱ्या अद्वैतवाल्यांचा हा जुना, लाडका दृष्टान्त. शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू गौडपाद, त्यांच्या कारिकेत तो आहे, शंकराचार्यांच्या भाष्यातही. मडक्यातलं आकाश बाहेरच्या आकाशापासून कधी तुटलंच नव्हतं. मग फुटल्यावर 'मिळालं' म्हणायचं ते बोलण्यापुरतं. आत्मा तसा. तो जात नाही, येत नाही.

मग पुन्हा जन्मतो कोण?

ब्रह्मसूत्रभाष्यात आचार्य म्हणतात, ईश्वराहून वेगळा असा कुणी संसारी, म्हणजे जन्म-मरणाच्या फेऱ्यात फिरणारा, नाहीच. तरी व्यवहारात ते पुनर्जन्म नाकारत नाहीत. प्रवास होतो तो सूक्ष्म शरीराचा: पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन आणि बुद्धी. एकूण १७. बृहदारण्यक उपनिषद सांगतं, गवतावरची अळी पुढचं पातं धरते, मगच मागचं सोडते. शेताच्या धुऱ्यावर घटकाभर बसलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको.

आणि ही ये-जा थांबते कशी? ज्ञानानं. साचलेलं कर्म त्यात भाजून निघतं, आणि भाजलेल्या धानाचे पऱ्हे येत नाहीत. पण सुरू झालेलं प्रारब्ध सुटलेल्या बाणासारखं. ज्ञान्यालाही देह पडेपर्यंत ते भोगावंच लागतं. ही सवलत न देणं मला तरी प्रामाणिकपणाचं वाटतं.

(अंभोऱ्याचं चैतन्येश्वर मंदिर. खाली नद्यांचा संगम.)

शंकराचार्यांचा हा विचार मराठीत आणला मुकुंदराजांनी. त्यांच्या 'विवेकसिंधु' या ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इ.स. ११८८ मानतात. तो याच काठावर, अंभोऱ्याला लिहिला गेला, असं इथली माणसं सांगतात. तो आपल्या गावचा म्हणणाऱ्या अंबाजोगाईकरांना हे अजिबात पटत नाही, तो वाद चालू द्या. रिद्धपूरच्या महानुभाव पंथीयांना तर मूळ सिद्धान्तच अमान्य. त्यांच्या लेखी जीव वेगळा, परमेश्वर वेगळा, आणि तेही कायमचे.

(दहावा दिवस. नदीकाठी पिंड मांडलेले.)

ज्या दगडानं मडकं फोडलं, तो फेकलेला नाही. जपून ठेवलाय. त्याला जीवखडा म्हणतात. पोकळी आकाशात कधीच मिसळली असेल, पण घरच्यांनी दहा दिवस हा खडा सांभाळलाय.

कावळा झाडावरून उतरत नाही. बायका कुजबुजतात, इच्छा राहिली असेल. पुरुष ऊन पाहतात. शेवटी मुलगा हात जोडून पुढं होतो.

"बाबा, विहिरीचं कर्ज आमी फेडू. तुमी जा आता."